सहा पॉइंट आठ की पाच पॉइंट आठ: ३४ सेंटरवर व्हॉइसचं क्यूओएस स्क्रिप्टने लावताना

संध्याकाळी सहा-साडेसहाची वेळ. पुण्यातल्या आमच्या मुख्य लॅबमधून टेक्निशियन सोलापूरच्या सेंटरला फोन करून सांगतोय की पेशंटचं पोटॅशियम ६.८ आलंय, लगेच डॉक्टरांना कळवा. पलीकडून ताई विचारतायत, "किती? पाच पॉइंट आठ का?" तो परत सांगतो, परत नेमका तोच शब्द गळतो. असं तीनदा झालं, तिसऱ्यांदा आकडा नीट पोचला. लॅबमध्ये अशा धोक्याच्या रिपोर्टला नियमच आहे की फोनवर सांगायचं आणि ऐकणाऱ्याने परत म्हणून दाखवायचं, त्यामुळे त्या दिवशी काही विपरीत झालं नाही. पण टेक्निशियन फोन ठेवून तडक माझ्या टेबलापाशी आला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून मला रात्री झोप नाही लागली. ५.८ आणि ६.८ मध्ये डॉक्टर किती धावपळ करतील याचा सगळा फरक असतो हो.

आमची पॅथॉलॉजी आणि स्कॅनिंगची ३४ सेंटर आहेत, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, नाशिक, जळगाव अशी पसरलेली, आणि मी त्यांचं नेटवर्क बघतो. सगळीकडे आयपी फोन, एक्स्चेंज पुण्यात, सेंटर ते लॅब बोलणं सगळं आमच्याच नेटवर्कवरून. काही ठिकाणी एमपीएलएस लिंक (कंपनीकडून घेतलेली खासगी लाइन) आहे, काही ठिकाणी साधं ब्रॉडबँड आणि त्यावर व्हीपीएन (इंटरनेटमधून काढलेला बंदिस्त मार्ग). व्हॉइससाठी क्यूओएस (क्वालिटी ऑफ सर्व्हिस, म्हणजे गर्दीत कुठल्या डेटाला आधी सोडायचं याचे नियम) सगळीकडे कसं लावलं, कुठे चुकलो, काय हाताने केलं आणि काय स्क्रिप्टवर सोपवलं ते लिहितोय, कारण मला हे शोधताना मराठीत काहीच मिळालं नव्हतं आणि इंग्रजीत जे मिळालं त्यात कमांड होत्या पण का ते नव्हतं.

आधी सगळ्यांनी जे केलं असतं तेच केलं, बँडविड्थ वाढवली. एका सेंटरची १० एमबीपीएसची लिंक महिनाभरासाठी २० केली. सकाळी आवाज छान, संध्याकाळी परत तेच रडगाणं. कारण संध्याकाळी त्या सेंटरवरून दिवसभराचे सीटी स्कॅन रेडिओलॉजिस्टकडे जातात, एकेक स्कॅन काहीशे एमबीचा, आणि टीसीपीचा, म्हणजे फाइल पाठवायच्या पद्धतीचा, स्वभावच असा आहे की लिंक जेवढी मिळेल तेवढी भरून टाकायची, पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, गळायला लागली की जरा मागे सरकायचं आणि परत भरायला लागायचं. १० द्या १० भरेल, २० द्या २० भरेल. त्या गर्दीत व्हॉइसचं पॅकेट अडकतं, आणि व्हॉइसला थांबून चालत नाही, उशिरा आलेलं पॅकेट आणि न आलेलं पॅकेट फोनसाठी सारखंच.

तेव्हा मी कागदावर हिशोब मांडला, आणि तो मला वाटतं प्रत्येकाने एकदा हाताने करावा. जी.७११ कोडेक (आवाजाचे आकडे करायची पद्धत) म्हणजे ६४ केबीपीएस. दर २० मिलिसेकंदाला एक पॅकेट, म्हणजे सेकंदाला ५०. प्रत्येकात आवाजाचे १६० बाइट आणि त्यावर आयपी, यूडीपी, आरटीपी या पत्त्या-क्रमांकाच्या हेडरचं मिळून ४० बाइटचं ओझं, झाले २००. गुणाकार केला की ८० केबीपीएस, इथरनेटचं धरलं तर ८७.२. एका सेंटरवर एका वेळी पाच कॉल चालू असले तरी ४३६ केबीपीएस, १० एमबीपीएसच्या लिंकचे पाच टक्केसुद्धा नाहीत. म्हणजे जागा कमी पडतच नव्हती, नंबर लागत नव्हता. आमच्या सरांना हे समजवताना पंढरपूरचं उदाहरण दिलं, पदस्पर्शाची रांग तासन्‌तास चालते, मुखदर्शनाची रांग वेगळी म्हणून ती सरसर सरकते, मंदिर काही त्यासाठी मोठं बांधत नाहीत. सरांना पटलं, म्हणाले कर, पण एक सेंटर आधी.

सातारा निवडलं, जवळ आहे, काही बिघडलं तर गाडी काढून दोन-अडीच तासात पोचता येतं. तिथे जाऊन फोनच्या पोर्टचं पॅकेट कॅप्चर (येणाऱ्या-जाणाऱ्या पॅकेटची नोंद) घेतलं आणि वायरशार्क या प्रोग्रॅममध्ये उघडलं. फोन बिचारा त्याचं काम करत होता, आवाजाच्या प्रत्येक पॅकेटवर डीएससीपी (पॅकेट किती महत्त्वाचं ते सांगणारा आकडा) ४६ चा शिक्का होता. हा ४६ म्हणजे ईएफ, एक्स्पेडाइटेड फॉरवर्डिंग, आरएफसी ३२४६ या इंटरनेटच्या मानकात २००२ सालीच लिहून ठेवलंय की याला कमीत कमी उशीर, कमीत कमी गळती मिळाली पाहिजे. पण तोच कॉल पुण्याच्या बाजूला पकडला तर शिक्का ०. मधे कोणीतरी पुसत होतं.

पहिला संशय सगळ्यांसारखा मला पण लिंकवाल्यांवर आला, आणि तो चुकीचा होता. पुसणारा आमचाच स्विच होता. आमच्याकडे तेव्हा सिस्कोचे कॅटॅलिस्ट २९६० होते, त्यांच्यावर एमएलएस क्यूओएस ही एक ग्लोबल कमांड असते. ती बंद असेपर्यंत स्विच शिक्क्यांना हात लावत नाही, आल्या तशा पुढे पाठवतो. ती चालू केली की त्याच क्षणी सगळे पोर्ट अविश्वासू ठरतात आणि ज्या पोर्टवर ट्रस्ट (आलेल्या शिक्क्यावर विश्वास ठेव) सांगितलेलं नाही तिथून येणाऱ्या प्रत्येक पॅकेटचा डीएससीपी ० करतो. आमच्या आधी कोणीतरी चांगल्या हेतूने ती कमांड मारली होती आणि पुढचं ट्रस्टचं काम राहून गेलं होतं. म्हणजे अर्धवट क्यूओएस हे क्यूओएस नसण्यापेक्षा वाईट, हे मी तिथे उभं राहून शिकलो.

आता ऑटो क्यूओएसबद्दल. स्विचच्या पोर्टवर ऑटो क्यूओएस व्हीओआयपी सिस्को-फोन एवढी एकच ओळ दिली की मागे ढीगभर कमांड तो आपोआप तयार करतो, आणि माझं मत आहे की ती ओळ मारा पण त्यानंतर तासभर बसून त्याने काय काय लिहिलं ते वाचा. मी वाचलं म्हणून दोन गोष्टी कळल्या. एक, कॉस (स्विचच्या पातळीवरचा ० ते ७ चा शिक्का) ते डीएससीपीचा नकाशा तो बदलतो. मूळ नकाशात कॉस ५ चा डीएससीपी ४० होतो, ४६ नाही, कारण साधा आठाचा पाढा आहे तो, ५ आठे ४०. ऑटो क्यूओएस तिथे ४६ करून देतो. हाताने करणारे नेमकं हेच विसरतात आणि मग राऊटरवर ईएफची मोजणी शून्यच दिसते, माणूस वेडा होतो. दुसरी गोष्ट, नव्या टेम्प्लेटमध्ये प्रत्येक फोन पोर्टवर व्हॉइसला १२८ केबीपीएसची मर्यादा असते. एका फोनच्या ८७ ला ती पुरते, आणि फोनच्या मागे लावलेल्या पीसीने उद्या स्वतःच्या पॅकेटवर ४६ मारून घुसायचं ठरवलं तरी त्यापुढे जाता येत नाही. हे मला फार आवडलं.

पण एक गोम होती. ती कमांड फोन ओळखते सीडीपीवरून (सिस्कोच्या यंत्रांची एकमेकांना ओळख सांगायची भाषा), आणि आमच्या जवळपास निम्म्या सेंटरवर दुसऱ्या कंपनीचे फोन होते, ते सीडीपी बोलत नाहीत. तिथे ही ओळ मारली की स्विच वाट बघत बसतो, फोन कधी दिसतच नाही, ट्रस्ट कधी लागतच नाही आणि शिक्का पुसला जातो तो जातोच. तिथे वेगळं लिहावं लागलं, व्हॉइस व्हीलॅनचा (फोनसाठी वेगळ्या काढलेल्या नेटवर्कचा) सबनेट, म्हणजे पत्त्यांचा गट, अॅक्सेस लिस्टने ओळखायचा, त्याला पोर्टवर आत येतानाच ईएफ द्यायचा आणि तीच १२८ ची मर्यादा घालायची.

राऊटरसाठी पण ऑटो क्यूओएस आहे, ते मी लॅबमध्ये जुन्या राऊटरवर सिरियल कार्ड लावून बघितलं. ट्रस्टवालं रूप मारलं की तो एक पॉलिसी बनवतो, व्हॉइसला प्रायोरिटी ७० टक्के, सिग्नलिंगला (कॉल जोडायच्या-तोडायच्या निरोपांना) ५ टक्के, बाकी सगळे समान वाट्याच्या फेअर क्यूमध्ये. आणि ७६८ केबीपीएस किंवा त्याखालची लिंक असेल तर मोठ्या पॅकेटचे तुकडे करणं आणि हेडर दाबणं पण आपोआप लावतो. यावरूनच कळतं की हे कुठल्या काळासाठी बांधलंय, सिरियल लाइन, फ्रेम रिले, एटीएम या जुन्या प्रकारच्या लिंकच्या. लिंकचा वेग तो इंटरफेसवरच्या बँडविड्थ कमांडवरून घेतो, ती चुकली तर सगळं चुकलं, आणि नंतर बदलली तर पॉलिसी आपोआप बदलत नाही. आमच्याकडे सगळीकडे इथरनेट, त्यामुळे राऊटरचं स्वतः लिहायचं ठरवलं.

आणि इथेच या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे. आमच्या राऊटरचा पोर्ट १ जीबीपीएसचा आणि लिंकवाल्याचा डबा पलीकडे १० एमबीपीएस सोडतो. राऊटरच्या दृष्टीने रस्ता रिकामा आहे, तो पॅकेट धडाधड पुढे ढकलतो, त्याच्याकडे रांग लागतच नाही, आणि रांगच नाही तर कोणाला आधी सोडायचं हा प्रश्नच येत नाही. क्यूओएसची पॉलिसी लावलेली असते, मोजणीचे आकडे पण वाढताना दिसतात, पण ती प्रत्यक्षात झोपलेली असते. गळती होते पलीकडच्या डब्यात, आणि तिथे आपलं काही चालत नाही. मी पहिल्यांदा साताऱ्यात पॉलिसी लावली तेव्हा दोन दिवस हेच बघत बसलो होतो, ड्रॉप शून्य, आवाज तुटतोय. रांग आपल्या दारात लागली तरच आपण ती शिस्तीने लावू शकतो. म्हणून दोन मजली पॉलिसी, वरच्या मजल्यावर शेपर जो मुद्दाम लिंकपेक्षा जरा कमी वेगाने सोडतो, आणि त्याच्या पोटात व्हॉइसची प्रायोरिटी क्यू.

शेपर लावला पण पहिल्या दिवशी आवाज अजून जरा खरखरत होता. शेपर वेगाला छोट्या छोट्या खिडक्यांमध्ये कापतो, खिडकी मोठी असेल तर एक खिडकी भरून गेल्यावर सगळ्यांनाच पुढच्या खिडकीपर्यंत थांबावं लागतं, व्हॉइसला पण. खिडकी १० मिलिसेकंदाची हवी, म्हणजे बर्स्टचा (एका खिडकीत सोडायच्या बिटांचा) आकडा वेगाच्या शंभराव्या भागाइतका, ९५ लाख बिट वेगाला ९५,००० बिट. हे टाकलं आणि साताऱ्याचा आवाज असा स्वच्छ झाला की तिथल्या ताईंनी विचारलं फोन बदलले का. हो, त्या क्षणाचा आनंद मी विसरणार नाही.

एक झालं, राहिली ३३. हाताने करायची तर प्रत्येकाचा वेग वेगळा, फोनची संख्या वेगळी, पोर्टचं नाव वेगळं, आणि रात्री दोन वाजता शंभराव्या भागाचा हिशोब करताना एक शून्य इकडचं तिकडे होणारच. म्हणून पायथन, नेटमिको (राऊटरवर लॉगिन करून कमांड देणारी लायब्ररी) आणि जिंजा टेम्प्लेट (रिकाम्या जागा भरून कॉन्फिग बनवणारा साचा). टेम्प्लेट एकच, आणि एक शीट, सेंटरमागे एक ओळ. सगळ्यांना वाटतं ऑटोमेशन म्हणजे स्क्रिप्ट लिहिणं, पण स्क्रिप्ट चार दिवसात झाली, शीट भरायला तीन आठवडे लागले. बिलावर १० लिहिलेलं, रात्री आयपर्फ (वेग मोजायचं साधन) चालवून बघितलं तर अपलोड ६ मिळतोय. एका ठिकाणी उलट, जुन्या कागदावर ४ आणि लिंक कधीचीच २० झालेली. सेंटरवर फोन करून "ताई, राऊटरच्या मागे जिथे पिवळी वायर लावलीय तिथे काय लिहिलंय वाचता का" असं करत करत माहिती गोळा केली, आणि त्या बायकांनी पेशंटची गर्दी सांभाळून, कोणी मोबाइलवर फोटो काढून, इतकी मदत केली की त्यांचं ऋण मोठं आहे. शेवटी ठरवलं की शीटमध्ये बिलाचा वेग नाही टाकायचा, मोजलेला अपलोड टाकायचा आणि स्क्रिप्टने त्याचे ९५ टक्के घ्यायचे. हे पाच टक्के सोडायचं कारण, लिंकवाला त्याच्या बाजूने इथरनेटचं ओझं पण मोजतो आणि व्हॉइसची पॅकेट लहान असल्याने त्यात ओझ्याचा वाटा मोठा.

प्रायोरिटीचा आकडा पण स्क्रिप्टच काढते, एकावेळचे कॉल गुणिले १०० केबीपीएस, जरा सैल धरून. आणि तो शेपरच्या ३३ टक्क्यांच्या वर गेला तर स्क्रिप्ट तिथेच थांबते, मला विचारते, पुढे जात नाही. ऑटो क्यूओएसचे ७० टक्के मला पटले नाहीत, एवढी जागा सगळ्यांच्या पुढे काढून दिली तर बाकीच्यांनी करायचं काय. एका छोट्या सेंटरवर २ एमबीपीएसच लिंक आणि फोन ८, हिशोब ८०० वर गेला, थांबली. तिथे जी.७२९ लावला, त्याचं एका कॉलला इथरनेट धरून ३१.२ केबीपीएस, आठ कॉल मिळून २५० च्या आत. आवाज जरा चपटा लागतो, पण आकडा स्पष्ट ऐकू येतो, आणि आम्हाला तेच हवं होतं.

आणखी एक फार महत्त्वाचं, जे मला उशिरा कळलं. प्रायोरिटी क्यूला जेवढी जागा दिलीय त्यापेक्षा जास्त व्हॉइस गर्दीच्या वेळी आला तर जादाचं राऊटर टाकून देतो, आणि टाकताना तो सहावा कॉल कुठला हे बघत नाही. पाचची जागा, सहावा कॉल आला, की सहाच्या सहा कॉल खरखरतात. म्हणून एक्स्चेंजवर प्रत्येक सेंटरची कॉलची कमाल संख्या घालावी लागते, सहाव्या माणसाला एंगेज टोन मिळालेला बरा. शीटमधला तोच आकडा आता स्क्रिप्ट दोन्हीकडे वापरते.

पुश करायची पद्धत अशी ठेवली, रात्री साडेअकरानंतर, एका वेळी तीन सेंटर. आधी राऊटरला सांगायचं की दहा मिनिटांनी स्वतःहून रीलोड हो, मग कॉन्फिग टाकायचं, मग पुण्याहून पोचता येतंय का बघायचं, पॉलिसी चढलीय का बघायचं, सगळं ठीक तर रीलोड रद्द आणि मगच सेव्ह. सेव्ह आधी केलं तर या सगळ्याला काही अर्थ नाही, रीलोड होऊन तेच चुकीचं कॉन्फिग परत येईल. या पद्धतीमुळे आमचं एकही सेंटर सकाळी बंद सापडलं नाही.

पण चूक झालीच, वेगळ्या ठिकाणी झाली. दुसऱ्या रात्री जळगाव भागातल्या एका सेंटरवर शीटमध्ये बाहेरच्या पोर्टच्या जागी आतल्या पोर्टचं नाव पडलं होतं, माझ्याच हातून. पुण्याहून पोचता येत होतं, पॉलिसी चढलेली दिसत होती, स्क्रिप्टने हिरवं दिलं. सकाळी आठला तिथल्या दादांचा फोन, बिलिंगचं पान उघडायला मिनिटभर लागतंय, बाहेर रांग लागलीय. आतल्या नेटवर्ककडे जाणाऱ्या पोर्टवर मी ४ एमबीपीएसचा शेपर लावून ठेवला होता, आणि सर्व्हर राऊटरच्या दुसऱ्या बाजूला. वीस मिनिटात काढलं, पण उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसं तिथे ताटकळली, शुगरवाली वयस्कर माणसं असतात त्यात, आणि ती माझ्या एका ओळीमुळे थांबली. त्या दिवसापासून पोर्टचं नाव शीटमधून काढूनच टाकलं. स्क्रिप्ट आता राऊटरलाच विचारते की तुझा डिफॉल्ट रूट कुठून बाहेर जातो, आणि तोच पोर्ट घेते. जे यंत्र स्वतः सांगू शकतं ते माणसाने टाइप करू नये, या मताचा मी तेव्हापासून झालो.

सगळी सेंटर झाली आणि तरी तक्रार आली, आता उलटी. लॅबला सेंटरचा आवाज चोख, सेंटरला लॅबचा तुटका. विचार केल्यावर लक्षात आलं की आम्ही सेंटरमधून बाहेर पडणारी रांग लावली, सेंटरकडे येणारी नाही. पुण्याची लिंक १०० एमबीपीएसची, तिथून कोणी सेंटरकडे मोठी फाइल सोडली की पुण्याच्या राऊटरला काहीच अडचण दिसत नाही आणि गर्दी होते सेंटरच्या १० च्या तोंडाशी. म्हणजे पुण्याच्या राऊटरवर प्रत्येक सेंटरसाठी वेगळा क्लास, त्यात त्या सेंटरच्या डाऊनलोड वेगाचा शेपर, शेपरच्या पोटात परत व्हॉइसची रांग. ३४ वेळा. चारशेच्या वर ओळी झाल्या, आणि इथे मला ऑटोमेशनची खरी किंमत कळली, कारण हे हाताने लिहिलं असतं तर सांगलीचा वेग कोल्हापूरला लागला असता आणि महिनोन्‌महिने कोणाला कळलं नसतं. शीट तीच, टेम्प्लेट दुसरं, पाच मिनिटात तयार.

ब्रॉडबँड आणि व्हीपीएनवाल्या सहा सेंटरवर एक वेगळंच प्रकरण निघालं. आवाज सुधारला पण स्कॅन पाठवायचा वेग पार कोसळला. आयपीसेक (व्हीपीएनला कुलूप लावणारी पद्धत) शिक्का बाहेरच्या हेडरवर कॉपी करतं, त्यामुळे रांग नीट लागत होती, प्रश्न तो नव्हता. आयपीसेक प्रत्येक पॅकेटला क्रमांक देतं आणि पलीकडचा राऊटर जुन्या क्रमांकाचं पॅकेट हल्ला समजून टाकून देतो, मूळ सेटिंगमध्ये फक्त ६४ पॅकेटपर्यंत मागचं चालतं. आमची रांग व्हॉइसला पुढे काढत होती आणि स्कॅनची पॅकेट मागे ठेवत होती, ती पोचेपर्यंत त्यांचे क्रमांक शिळे झालेले. ती मर्यादा १०२४ केली, वेग परत आला. हे शोधायला मला चार दिवस लागले आणि त्यात मी दोन वेळा सगळं क्यूओएस काढून टाकायच्या बेतात होतो.

मोजायचं काय, हा पण प्रश्न होता, कारण "बरं वाटतंय" यावर मला थांबायचं नव्हतं. राऊटरमध्येच आयपी एसएलए नावाची सोय आहे, तो पलीकडच्या राऊटरला खोटे आवाजाचे पॅकेट पाठवतो आणि उशीर, जिटर (उशिरातला चढउतार), गळती मोजून एमओएसचा (आवाजाच्या दर्जाला १ ते ५ मधले गुण) अंदाज देतो. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संस्थेच्या जी.११४ मध्ये एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदाच्या आत ठेवा असं सांगितलंय, तेवढं आणि जिटर ३० च्या आत, गळती एक टक्क्याच्या आत, हे आम्ही धरलं. पहिल्या आठवड्यात आलेख इतके वाईट की मी हादरलो, फोनवर तर आवाज छान आहे. मी प्रोबच्या (त्या खोट्या पॅकेटच्या) टीओएसमध्ये ४६ लिहिलं होतं. तिथे डीएससीपी नाही, डीएससीपी ज्याचे पहिले सहा बिट असतो तो पूर्ण टीओएस बाइट द्यायचा असतो, म्हणजे ४६ चार पट, १८४. टीओएस ४६ म्हणजे डीएससीपी ११, तो कुठल्याच क्लासमध्ये बसत नव्हता आणि बिचारा प्रोब स्कॅनच्या गर्दीत उभा होता. १८४ केल्यावर एमओएस संध्याकाळी पण ४.३ च्या आसपास स्थिर, जी.७११ ला या हिशोबात जास्तीत जास्त साधारण ४.४ मिळतो. तो चुकीचा आलेख मात्र मी जपून ठेवलाय, कारण त्याच लिंकवर त्याच वेळी रांगेत नसलेल्याचं काय होतं ते त्यात स्वच्छ दिसतं, सरांना तो दाखवल्यावर पुढचं काही समजावावं लागलं नाही.

आता रोज रात्री एक स्क्रिप्ट सगळ्या राऊटरवर जाऊन बघून येते, पॉलिसी जागेवर आहे का, शेपरचा वेग शीटशी जुळतो का, आणि प्रायोरिटी क्यूमध्ये एक जरी पॅकेट गळलं असेल तर मेल. साध्या क्लासमधली गळती ती बघत नाही, ती व्हायलाच हवी, तेच तर टीसीपीला सावर म्हणून सांगणं आहे. दोनदा मेल आला, दोन्ही वेळा सेंटरला नवीन फोन लागले होते आणि एक्स्चेंजवर कॉलची मर्यादा परस्पर वाढवलेली होती. शीटमध्ये आकडा बदलला, स्क्रिप्ट चालवली, संपलं.

लॅबमधला तो टेक्निशियन अजूनही संध्याकाळी फोन करतो, मी कधी त्या बाजूला असलो तर थांबून ऐकतो. "पोटॅशियम सहा पॉइंट सहा", आणि पलीकडून लगेच "सहा पॉइंट सहा, कळवते".

बाकी राहिलंय ते वायफायवरच्या कॉर्डलेस फोनचं, दोन सेंटरवर आहेत. वायफायमध्ये शिक्क्याचे पहिले तीनच बिट बघून वर्ग ठरवायची पद्धत बऱ्याच ठिकाणी असते, ४६ चे पहिले तीन बिट म्हणजे ५, आणि वायफायच्या हिशोबात ५ हा व्हिडिओचा वर्ग आहे, आवाजाचा ६ पासून सुरू होतो. आरएफसी ८३२५ मध्ये २०१८ साली हा नकाशा कसा असावा ते लिहिलंय. एका सेंटरच्या अॅक्सेस पॉइंटवर तो नकाशा हाताने बदलून बघितलाय, या आठवड्यात संध्याकाळची मोजणी चालू आहे, आकडे बरे आले की शीटमध्ये एक कॉलम वाढवायचा.